अँकीत जर्मन शब्दांचे गट कसे पाडावेत: डेक एकच, प्रसंग अनेक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जर्मनची ए-2 पातळी झाली आहे, पाच महिन्यांनी त्यापुढच्या बी-1ची परीक्षा द्यायची आहे. अँकीत, म्हणजे कार्डं ठरावीक दिवसांनी समोर आणून उजळणी करून घेणाऱ्या अ‍ॅपमध्ये, विषयवार 43 डेक, म्हणजे कार्डांचे गठ्ठे, केले आहेत: फळं, भाज्या, कपडे, रंग, स्वयंपाकघर, शरीराचे अवयव, वाहनं, नाती वगैरे. रोज कुठला डेक उघडायचा ते कळत नाही, उजळणीची थकबाकी 900 कार्डांवर गेली आहे. डेक उघडला की शब्द आठवतात, बोलायला गेलं की आठवत नाहीत. काटा, सुरी, चमचा यांची जर्मन नावं तर कायम अदलाबदल होतात. म्हणून स्वयंपाकघराच्या डेकचे आणखी बारीक उपडेक करावेत का, आणि कुणीतरी केलेला तयार डेक उतरवून घ्यावा का, असं तुम्ही विचारलं आहे.

उपडेक करू नका. गट कमी-जास्त झाल्याने ही अडचण सुटणार नाही, कारण तुम्ही डेकवर तीन वेगवेगळी कामं टाकली आहेत. आज कोणती कार्डं समोर यावीत हे ठरवणं, कुठला शब्द कुठल्या विषयातला याची नोंद ठेवणं, आणि सारखे शब्द एकत्र पाठ करणं. पहिलं काम डेकचं. दुसरं टॅगचं, म्हणजे शब्दाला चिकटवलेल्या खुणेच्या चिठ्ठीचं. आणि तिसरं, निदान शब्द नवीन असताना, करूच नये.

आधी काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगायला हवं. परीक्षा तीन आठवड्यांवर आली असती तर आहे त्या डेकवरच उजळणी करा, मोडतोड नको, असं सांगितलं असतं. फक्त वाचता यावं एवढाच हेतू असेल तर मराठीकडून जर्मनकडे जाणारी कार्डं लागतही नाहीत आणि खालचा बराच भाग सैल करता येतो. क्लासमध्ये दर आठवड्याला धड्यावर चाचणी असेल तर धड्यांचे टॅग लागतील. आणि सगळं फोनवरच करत असाल तर गट बदलण्याच्या कामापुरता एखादा संगणक मिळवा. अँकीड्रॉइडवर, म्हणजे अँकीच्या अँड्रॉइड अ‍ॅपवर, हे होतं, पण शेकडो कार्डं निवडून हलवणं संगणकावर फार सोपं जातं. तुमच्याकडे पाच महिने आहेत आणि बोलायचंही आहे, असं धरून पुढचं लिहिलं आहे. शब्दांचे उच्चार इथे देवनागरीत दिले आहेत, कार्डावर स्पेलिंग अर्थातच जर्मन लिहा.

आता काटा-सुरीकडे येऊ. चमचा म्हणजे डेर ल्योफल, काटा म्हणजे डी गाबल, सुरी म्हणजे दास मेसर. तिन्ही एका दिवशी शिकायला घेतले की काय होतं बघा. तिन्हींचं चित्र एकाच टेबलावरचं, तिन्हींची वाक्यातली जागा एकच: ‘मला जरा ___ दे.’ या रिकाम्या जागेत तिघांपैकी कुणीही बसतं, त्यामुळे एकाला दुसऱ्यापासून वेगळं करणारा कुठलाच धागा मेंदूला मिळत नाही. वर तिघांची लिंगंही तीन. दुसऱ्या दिवशी कार्ड समोर आलं की ‘या तिघांतला कुठला तरी एक’ एवढंच आठवतं आणि पुढे अंदाज चालतो. चुकीचा अंदाज दोन-तीनदा बसला की तीच चूक पाठ होते.

हा नुसता अनुभवाचा भाग नाही. टॉम टिंकम यांनी 1993 आणि 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एकाच वर्गातले नवे शब्द एकत्र शिकायला जास्त फेऱ्या लागल्या, असंबद्ध शब्दांना कमी. रॉब वेअरिंग यांनी 1997 मध्ये जपानी भाषकांवर तसाच प्रयोग केला तेव्हाही निष्कर्ष त्याच दिशेचा आला. पण टिंकम यांच्या दुसऱ्या अभ्यासातली बाब तुमच्या जास्त कामाची आहे. शब्द एका वर्गातले नसून एका प्रसंगातले असले, म्हणजे बेडूक, हिरवा, उडी मारणे, तळं असे, तर ते शिकणं उलट सोपं गेलं.

म्हणजे गट पाडायचे, पण वर्गाचे पाडायचे नाहीत, प्रसंगाचे पाडायचे. तुमचा ‘वाहनं’ हा डेक घ्या. त्यात बस, ट्राम, सायकल, जहाज, विमान आणि रेल्वे अशी सहा नामं शेजारी बसली आहेत. त्याऐवजी ‘रेल्वेने प्रवास’ हा प्रसंग घेतला तर त्यात येतील: गाडी म्हणजे डेर त्सूग, फलाटाचा रूळ म्हणजे दास ग्लाइस, तिकीट म्हणजे डी फारकार्टं, उशीर म्हणजे डी फेरश्पेटुंग, वेळेवर म्हणजे प्युंक्टलिश, गाडी बदलणे म्हणजे उमश्टायगन, जोडगाडी म्हणजे डेर आनश्लुस, चुकवणे म्हणजे फेरपासन. यात नामं आहेत, क्रियापदं आहेत, विशेषण आहे. एकाची जागा दुसरा घेऊ शकत नाही, आणि दोन-तीन शब्द उचलले की वाक्य तयार होतं. ‘डेर त्सूग हाट त्स्वान्त्सिश मिनूटन फेरश्पेटुंग’, म्हणजे गाडी वीस मिनिटं उशिरा आहे. ‘इश हाबं डेन आनश्लुस फेरपास्ट’, म्हणजे माझी पुढची गाडी चुकली. जर्मनीत उतरल्यावर पहिल्या महिन्यात ही दोन्ही वाक्यं लागतात.

एक सावधगिरी मात्र प्रसंगातही घ्यावी लागते. चढणे आइनश्टायगन, उतरणे आउसश्टायगन, बदलणे उमश्टायगन. तिघांचं शेपूट एकच आणि वाक्यातली जागाही एकच, म्हणजे ही पुन्हा काटा-सुरीचीच गोष्ट झाली. आधी आइनश्टायगन घ्या, तो पक्का झाला की उमश्टायगन, तोही पक्का झाला की तिसरा. हाच नियम डीन्स्टाग (मंगळवार) आणि डोनर्स्टाग (गुरुवार), काउफन (विकत घेणे) आणि फेरकाउफन (विकणे), क्यूशे (स्वयंपाकघर) आणि किर्शे (चर्च) अशा सगळ्या जोड्यांना लावा. पहिला पक्का झाल्याशिवाय दुसरा नको.

बी-1ला असे किती प्रसंग लागतात? बारा ते पंधरा पुरतात. घर शोधणं, डॉक्टरकडे, रेल्वे, किराणा आणि बेकरी, हॉटेलात जेवण, कचेरीतली नोंदणी, बँक, नोकरी आणि मुलाखत, शाळा-कॉलेज, फोन आणि ई-मेल, हवामान, सण आणि आमंत्रण, पर्यावरणावरची चर्चा, बातम्या. एका प्रसंगात 30 ते 60 शब्द ठीक. 80च्या वर गेला तर दोन करा, पंधराच्या खाली राहिला तर शेजारच्यात मिसळून टाका.

आता हे प्रसंग डेकमध्ये का ठेवायचे नाहीत ते पाहू. पहिलं कारण, एक शब्द एकाच ठिकाणचा नसतो. दास रेत्सेप्ट म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी, आणि पाककृतीसुद्धा. दास गेरिश्ट म्हणजे जेवणातला पदार्थ, आणि न्यायालयही. डेर टेर्मीन, म्हणजे ठरवून घेतलेली वेळ, डॉक्टरकडे लागतो, कचेरीत लागतो आणि घर बघायला जातानाही लागतो. कार्ड एका वेळी एकाच डेकमध्ये राहू शकतं, टॅग मात्र एका नोटला, म्हणजे ज्या मूळ नोंदीवरून कार्डं तयार होतात तिला, हवे तेवढे लावता येतात.

दुसरं कारण तुमच्या तक्रारीतच आहे. ‘फळं’ नावाचा डेक उघडलात की उत्तर वीस फळांपैकी एक आहे हे आधीच कळलेलं असतं. डेकच्या नावाने अर्धं उत्तर दिलेलं असतं. बोलताना ती मदत नसते, म्हणून शब्द सापडत नाही. सगळं एका डेकमध्ये मिसळून आलं की प्रत्येक शब्द विनामदत शोधावा लागतो. सुरुवातीला चुका वाढतील, साधारण दोन आठवडे तसं वाटेल, ते सोसा.

तिसरं कारण थकबाकीचं. रोजच्या नव्या कार्डांची मूळ मर्यादा 20 असते आणि ती प्रत्येक स्वतंत्र डेकला वेगळी लागू होते. एका दिवशी सहा डेक उघडलेत की 120 नवी कार्डं आत आली. ती पुढच्या आठवड्यात उजळणीला उभी राहतात. 900 कार्डांचा ढीग आळसाने झालेला नाही, या हिशेबाने झाला आहे.

बदल कसा करायचा ते क्रमाने सांगायला हवं, कारण यात एक पायरी धोक्याची आहे. फोन आणि संगणक दोन्ही आधी सिंक करून घ्या. मग फाइल मेनूतून एक्स्पोर्ट निवडून पूर्ण कलेक्शनची प्रत मीडियासकट बाहेर काढून ठेवा. आता ब्राउज उघडा. डाव्या पट्टीत एका डेकवर क्लिक करा, कंट्रोल आणि ए दाबून सगळं निवडा, नोट्स मेनूतून ‘अ‍ॅड टॅग्ज’ घ्या आणि ‘वर्ग::फळं’ असा टॅग लावा. टॅग मराठीत चालतो, पण त्यात मोकळी जागा चालत नाही. ‘घर शोधणं’ असं लिहिलंत तर दोन वेगळे टॅग तयार होतील, म्हणून ‘घर-शोधणं’ लिहा. मध्ये दोन कोलन दिले की डाव्या पट्टीत टॅगचा उलगडणारा गट तयार होतो. त्रेचाळीस डेकना हे करायला पाऊण तास लागेल. जुने वर्ग फेकून द्यायचे नाहीत, ते पुढे उपयोगी पडतात.

सगळे टॅग लागले की सगळी कार्डं निवडा आणि कार्ड्स मेनूतल्या ‘चेंज डेक’ने एका नव्या ‘जर्मन’ डेकमध्ये हलवा. आतापर्यंतच्या उजळणीचा इतिहास आणि पुढच्या तारखा कार्डाबरोबर येतात, काही पुसलं जात नाही. उरलेले रिकामे डेक काढायच्या आधी प्रत्येकावर क्लिक करून आत शून्य कार्डं आहेत याची खात्री करा. डेक काढला की त्यातली कार्डंही जातात. धोक्याची पायरी म्हटलं ती हीच.

टॅगची रचना शेवटी अशी दिसेल:

प्रसंग::रेल्वे
प्रसंग::डॉक्टर
प्रसंग::घर-शोधणं
वर्ग::फळं
वर्ग::कपडे
अडचण::जोडी
अडचण::लिंग
धडा::07

प्रसंगाचे टॅग एका बैठकीत लावू नका. रोजच्या उजळणीत जो शब्द समोर येईल त्याला तिथेच टॅग लावत जा. शब्दाचा प्रसंग ठरवताना तो कुठे वापरायचा याचा विचार होतो, आणि तो विचार हाच अभ्यास आहे. एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा. टॅग नोटला लागतो, म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंच्या कार्डांना लागतो. एकाच दिशेचं कार्ड छळत असेल तर टॅगऐवजी रंगीत फ्लॅग वापरा, तो एका कार्डापुरता असतो.

डेकच्या ऑप्शन्समध्ये मोजकेच बदल हवेत. थकबाकी संपेपर्यंत नवी कार्डं शून्य. रोज 150 संपवलीत तरी त्या-त्या दिवसाची भर धरून दोन आठवडे कसेही जातील. त्यानंतर रोज दहा शब्द, म्हणजे दोन्ही दिशांची मिळून 20 कार्डं. उजळणीची मर्यादा नव्या कार्डांच्या दहापट ठेवावी, म्हणजे 200. एका कार्डाला आठ सेकंद धरले तर 200 कार्डांना सत्तावीस मिनिटं लागतात. ग्योटे संस्थेच्या, म्हणजे आपल्याकडच्या मॅक्स म्युलर भवनाच्या, ए-2च्या यादीत सुमारे 1300 शब्द आहेत आणि बी-1च्या यादीत सुमारे 2400. मधले 1100 शब्द रोज दहाने 110 दिवसांत होतात. पाच महिन्यांपैकी दोन आठवडे थकबाकीत गेले तरी शेवटचे तीन-साडेतीन आठवडे नुसत्या उजळणीला मिळतात.

उजळणीची मर्यादा भरली की अँकी नवी कार्डं दाखवणं आपोआप थांबवतं. ‘नवे शब्द येतच नाहीत’ अशी तक्रार बहुतेक वेळा यातूनच निघते. बिघाड काही नसतो, थकबाकी शिल्लक असते.

नवी कार्डं गोळा करण्याचा क्रम ‘रँडम नोट्स’ ठेवा. यादीतले 500 न पाहिलेले शब्द एकत्र असतील तर काटा आणि सुरी एकाच दिवशी येण्याची शक्यता फार थोडी उरते. एकाच नोटची दुसरी कार्डं त्या दिवसापुरती मागे ठेवणारे ‘बरी सिब्लिंग्ज’चे पर्याय चालू करा, नाहीतर ‘गाबल म्हणजे काय’ याच्या पाठोपाठ ‘काट्याला काय म्हणतात’ हे कार्ड येईल आणि ते बरोबर आलं याला काही अर्थ नसेल. ज्या जोड्या खात्रीने भांडणार हे माहीत आहे, त्यांतला एक शब्द सस्पेंड, म्हणजे तात्पुरता बंद, करा आणि चालू असलेल्या शब्दाच्या दोन उजळण्यांमधलं अंतर 21 दिवसांवर गेलं की दुसरा मोकळा करा. अँकीतही 21 दिवसांच्या पुढचं कार्ड ‘मॅच्युअर’, म्हणजे पक्कं, धरतात, तीच खूण चांगली आहे.

आता कार्डाच्या मराठी बाजूबद्दल. इथे सर्वांत जास्त नुकसान होतं आणि त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. गट कितीही चांगले पाडले तरी समोरचा मराठी शब्द दोन उत्तरांकडे बोट दाखवत असेल तर कार्ड वाया जातं. ‘ठेवणे’ एवढंच लिहिलं तर उत्तर श्टेलन की लेगन? जर्मनमध्ये वस्तू उभी ठेवली तर श्टेलन आणि आडवी ठेवली तर लेगन. म्हणून कार्डावर ‘(बाटली टेबलावर उभी) ठेवणे’ आणि ‘(पुस्तक पलंगावर आडवं) ठेवणे’ असं लिहा. ‘जाणे’चे गेअन आणि फारन तसेच वेगळे करा, ‘(पायी) जाणे’ आणि ‘(गाडीने) जाणे’. ‘परवा’ तर आपल्याकडे दोन्हीकडे चालतो. होऊन गेलेला परवा म्हणजे फोरगेस्टर्न, येणारा परवा म्हणजे युबरमॉर्गन. नुसतं ‘परवा’ लिहिलेलं कार्ड निम्म्या वेळा चुकणारच, आणि दोष स्मरणशक्तीवर येणार.

उलट दिशेला त्रास नाही. काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान, सगळ्यांना ओंकल, आणि काकू, मामी, आत्या, मावशी या सगळ्या टांटं. मराठी बाजूवर ‘मामा’ लिहा, पुरे आहे. नात्यांचा वेगळा डेक ठेवण्यासारखं त्यात काही नाही.

लिंगाच्या बाबतीत मराठी माणूस चांगल्या जागी उभा असतो, पण त्याचा फायदा घेतला जात नाही, कारण कार्डावर इंग्रजी अर्थ लिहिलेला असतो. आपल्याकडे तो, ती, ते आहेतच. घर नपुंसकलिंगी, दास हाउसही नपुंसकलिंगी. पुस्तक, पाणी, मूल यांचंही तसंच: दास बूख, दास वासर, दास किंट. कुत्रा आणि डेर हुंट दोघेही पुल्लिंगी. असे जुळणारे शब्द सोडून द्या, ते आपोआप बसतात. लक्ष द्यायचं ते न जुळणाऱ्यांवर: दूध पण डी मिल्श, झाड पण डेर बाउम, दार पण डी ट्यूर, खिडकी पण दास फेन्स्टर, सूर्य पण डी झॉनं. यांना ‘अडचण::लिंग’ लावा. हा गट कुठल्याही पाठ्यपुस्तकात तयार मिळणार नाही, कारण तो फक्त मराठी बोलणाऱ्याचा आहे. आर्टिकलला रंग द्यायचा असेल, म्हणजे डेर निळा, डी लाल, दास हिरवा, तर तो उत्तराच्या बाजूलाच दिसला पाहिजे. प्रश्नाच्या बाजूला रंग आला की लिंग आठवायची गरजच संपते.

नोटमध्ये फील्ड, म्हणजे माहितीचे रकाने, पाच-सहा पुरतात: आर्टिकलसह जर्मन शब्द, अनेकवचन, मराठी संकेत, एक छोटं वाक्य, आवाज आणि हवं तर चित्र. पहिल्या फील्डची काळजी घ्या, कारण अँकी तोच शब्द आधी आहे का हे पहिल्या फील्डवरून ओळखतं. एक्सेलमधली यादी आयात करताना त्यात दास रेत्सेप्ट दुसऱ्यांदा आला, तर मूळ सेटिंगप्रमाणे जुनी नोट नव्या मजकुराने बदलली जाते. डॉक्टरची चिठ्ठी गेली आणि पाककृती राहिली, असं गुपचूप होतं. म्हणून अशा शब्दांच्या पहिल्या फील्डमध्येच कंसात प्रसंग लिहा. आणि फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ म्हणून सेव्ह करा, नाहीतर उमलाउटच्या (ä, ö, ü) जागी भलतीच अक्षरं आणि मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. फील्ड वाढवलं किंवा कार्डाचा साचा नवा घातला-काढला की पुढच्या सिंकला अँकी विचारतं की इथली प्रत वर चढवायची की वरची खाली उतरवायची. बदल संगणकावर केला असेल तर संगणकावरून चढवा आणि फोनवर उतरवा. उलट दाबलंत तर संध्याकाळभराचं काम पुसलं जातं. फोन आधी सिंक करून घ्या म्हटलं ते यासाठी.

काही शब्द महिनाभराने दिसेनासे होऊ शकतात. एखादं शिकलेलं कार्ड आठ वेळा विसरलं गेलं की अँकी त्याला ‘लीच’ असा टॅग लावतं आणि सेटिंग तशी असेल तर सस्पेंडही करतं. डाव्या पट्टीत तो टॅग पंधरा दिवसांतून एकदा उघडा. लीच सहसा जोडीने सापडतात: डीन्स्टाग अडकला असेल तर डोनर्स्टागही तिथेच असेल. दोघांना एकदम मोकळं करू नका. डोनर्स्टाग घ्या. डोनर म्हणजे मेघगर्जना. हा वार जर्मनांच्या जुन्या गर्जनेच्या देवाच्या नावाचा आहे, आणि रोमनांनी त्याच जागी ज्युपिटर धरला होता. ज्युपिटर म्हणजे आपला गुरु ग्रह. गडगडाट, ज्युपिटर, गुरुवार ही साखळी एकदा कार्डाच्या मागे लिहिली की गुरुवार सुटतो. तो तीन आठवडे टिकला की मग मंगळवार मोकळा करा.

विषयवार उजळणी कधीच करायची नाही असं नाही. तिची वेळ नंतर येते. उद्या डॉक्टरांची वेळ आहे, किंवा क्लासमध्ये आरोग्यावर बोलायचं आहे. ब्राउजमध्ये ‘प्रसंग::डॉक्टर’वर क्लिक करा, एडिट मेनूतून ‘क्रिएट फिल्टर्ड डेक’ (निवडक कार्डांचा तात्पुरता डेक) घ्या, 50 कार्डांची मर्यादा आणि रँडम क्रम ठेवा, आणि उत्तरांवरून पुढच्या तारखा बदलण्याची खूण काढून टाका. काम झालं की हा डेक खुशाल काढा. साध्या डेकसारखं इथे काही पुसलं जात नाही, कार्डं आपल्या मूळ डेकमध्ये परत जातात. जुने ‘वर्ग’ टॅगही इथेच कामाला येतात. वीस फळं एकेकटी पक्की झाली की ती सगळी शेजारी मांडून बघायला हरकत नाही, तेव्हा ती एकमेकांना धक्का देत नाहीत.

राहिला तयार डेकचा प्रश्न. आवाजासाठी आणि वाक्यांसाठी उतरवून घ्यायला हरकत नाही, पण त्यातले अर्थ बहुतेक इंग्रजीत असतात आणि प्रसंग तुमचे नसतात. आयात झाल्यावर ब्राउजमध्ये सगळी कार्डं निवडून सस्पेंड करा. मग वर्गात, ऐकताना किंवा वाचताना जो शब्द भेटेल तो शोधा, त्याचं मराठी बदला, प्रसंगाचा टॅग लावा आणि मोकळा करा. संस्थेच्या अधिकृत यादीच्या सुरुवातीला वार, महिने, रंग, आकडे असे वर्गवार गट छापलेले असतात. त्या पानांवरून शिकायला सुरुवात करू नका. शेवटच्या तीन आठवड्यांत ती पानं हातात घ्या, पेन्सिलीने खुणा करा, आणि ज्याच्यापुढे खूण पडली नाही तेवढेच शब्द अँकीत घाला.